घाट चढण्याआधी

मुंबईहून पुण्याला निघायचं आहे. सामान डिकीत गेलं, घरची मंडळी अजून वर आवरताहेत. गाडी रात्रभर उभी असल्यामुळे इंजिन अगदी थंड आहे आणि हाताशी अर्धा तास मोकळा आहे. एरवी तो फोनमध्ये जातो. आज तो गाडीला द्या.

या अर्ध्या तासात दोनच गोष्टींपाशी थांबायचं आहे. एक, गाडीतली म्युझिक सिस्टिम. प्रवासभर आपला हात तिच्याकडे जात असतो. दुसरी, इंजिनात फिरणारं कूलंट. बॉनेटमधून वाफ निघेपर्यंत त्याची आठवणही होत नाही. या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे आणि तो घाटात कळतो. पुढचं सावकाश वाचा. जे सांगितलं आहे ते डोळ्यांपुढे आणा, जमेल तर गाडीजवळ उभं राहून करा, आणि मगच पुढे सरका.

बॉनेटपासून सुरुवात करू. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या बाजूला बॉनेटचा खटका असतो, तो ओढा. पुढे या, फटीत बोटं घालून कडी सरकवा, बॉनेट वर उचला आणि दांडी तिच्या खोबणीत नीट बसली आहे ना, हे पाहा. आता हात मागे घ्या. काही उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. नुसतं बघा.

एका बाजूला पांढरट प्लास्टिकची एक टाकी दिसेल. तिच्यापासून निघालेला पाईप रेडिएटरकडे जातो. पाण्याच्या फवाऱ्याचं चित्र असलेलं झाकण ज्या टाकीवर आहे, ती काच धुण्याच्या पाण्याची, ती वेगळी. आपली टाकी सापडली की तिच्या अंगावरच्या दोन रेघा शोधा. खालची किमान, वरची कमाल. जुन्या गाडीत प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं आणि आतलं काही दिसत नाही. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च टाकीच्या मागून धरा. द्रवाची पातळी सावलीच्या स्पष्ट रेघेसारखी उमटते. ती दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे.

पातळी पाहिलीत, आता रंग पाहा. हिरवा, गुलाबी, निळा, कुठलाही असू शकतो. हा रंग कारखान्यात मुद्दाम घातलेला असतो. तो एकसारखा आणि स्वच्छ दिसतो का, एवढंच बघायचं. तपकिरी, गंजाळ झाक आली असेल, तळाला गाळ बसला असेल किंवा वर तेलाचा तवंग असेल, तर आजचा प्रवास गॅरेजमध्ये जाऊन आल्यावरच सुरू करायचा. आता खाली वाका. रात्रभर गाडी उभी होती त्या फरशीवर ओल आहे का? एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि लगेच वाळतं. कूलंट बोटाला किंचित चिकट लागतं, वाळलं तरी त्याचा रंगीत डाग मागे राहतो.

आता डोळे मिटा. या द्रवाबरोबर आत जायचं आहे.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि थोडं थांबा. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात असे भडके सेकंदाला १०० उडतात. तरीही ते हेड वितळत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. कारण त्या धातूच्या पोटात, भिंतीच्या पलीकडे काही मिलिमीटर अंतरावर, अरुंद वाटांतून कूलंट अखंड वाहत असतं. ढोबळ मानाने, जळालेल्या इंधनातली एक तृतीयांश उष्णता हेच कूलंट वाहून नेतं.

त्याच्या मागे मागे जा. इंजिन थंड असतं तेव्हा वॉटर पंप त्याला इंजिनातच फिरवतो. रेडिएटरची वाट बंद असते. त्या वाटेवर थर्मोस्टॅट बसवलेला असतो आणि त्याच्या पितळी कुपीत मेण असतं. तापमान ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की ते मेण वितळतं, फुगतं, एक छोटी दांडी ढकलतं आणि वाट उघडते. वीज लागत नाही, कोणी बटण दाबत नाही. मेण वितळण्याच्या साध्या गुणावर हे दार रोज उघडतं आणि मिटतं. पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्या, नळ्यांना चिकटलेले पातळ पत्रे, त्यांच्यातून जाणारा वारा. वाऱ्याला उष्णता देऊन कूलंट पुन्हा इंजिनाकडे परततं. हा फेरा गाडी चालू आहे तोवर थांबत नाही. तुम्ही गाणं ऐकत असता, बोलत असता, टोल भरत असता, तेव्हाही तो चाललेला असतो.

आता रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण. ते घट्ट असण्यात मोठा अर्थ आहे. आपला प्रेशर कुकर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर ही यंत्रणा चालते. दाब वाढला की द्रव उकळायला जास्त तापमान लागतं. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण १०८ च्या आसपास उकळतं, आणि झाकणाच्या स्प्रिंगने सुमारे १ बारचा दाब धरून ठेवला की तेच मिश्रण १२० अंश ओलांडूनही द्रवच राहतं. द्रव आहे तोवरच ते उष्णता नीट वाहून नेऊ शकतं.

तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की काय होतं ते आता आपोआप समजेल. दाब एका क्षणात जातो, १०० अंशांच्या कितीतरी वर असलेला तो द्रव जागच्या जागी उकळतो आणि कारंज्यासारखा वर उसळतो. चेहरा, मान, हात भाजतात. एक नियम मनात पक्का बसवा: झाकणाला हात लावायचा तो फक्त थंड इंजिनावर. इंजिन किती थंड झालंय याबद्दल शंका असेल, तर ते गरमच आहे असं धरून चाला.

तापल्यावर कूलंट फुगतं आणि जास्तीचं टाकीत येतं. निवल्यावर आकसतं आणि परत ओढलं जातं. म्हणून पातळी मोजायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी. म्हणूनच हा अर्धा तास निवडला.

आपल्याकडे एक समज पक्का रुजलेला आहे: इथे बर्फ पडत नाही, मग कूलंटचा खर्च कशाला, पाणी ओतलं की झालं. या समजाकडे न रागावता पाहू. पाणी उष्णता उत्तम वाहून नेतं हे खरं. पण दख्खनच्या बोअरवेलचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. हे क्षार गरम धातूवर थर धरतात. गिझरची कॉइल ज्याने बदलली आहे त्याला तो पांढरा थर माहीत आहे. रेडिएटरच्या नळ्या त्या कॉइलहून कितीतरी नाजूक. कूलंटमधली रसायनं गंज थांबवतात, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाऊ देत नाहीत. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला हवाच ४५ अंशांपर्यंत तापते, तेव्हा रेडिएटरला उष्णता टाकायला जागा कमी उरते आणि उकळण्याचा बिंदू वर असणं फार मोलाचं ठरतं. गोठणं टाळणं हा कूलंटचा एक गुण झाला. आपल्याला त्याचे बाकीचे गुण बारा महिने लागतात.

पातळी थोडी कमी असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट घाला. बाटलीवर नीट वाचा. काही तयार मिश्रणं असतात, ती तशीच ओतायची. काही घट्ट असतात, त्यांत सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. नुसता रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नका. रंगावरून आतली रसायनं ओळखता येत नाहीत. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ती भरत राहणं हा उपाय नव्हे. बंद यंत्रणेतून द्रव जातोय, म्हणजे कुठेतरी वाट फुटली आहे. होज, पंप, रेडिएटर, हेड गॅस्केट, यांतलं काय ते मेकॅनिकला शोधू द्या.

बाटली बंद करताना आणखी एक विचार मनात येऊ द्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. सांडलेलं कूलंट गल्लीतलं कुत्रं, मांजर चाटू शकतं, लहान मूल बोट बुडवू शकतं. सांडलेलं लगेच मातीने किंवा फडक्याने टिपून घ्या, जागा धुवा, आणि बाटली मुलांच्या हाताला येणार नाही अशी उंचावर ठेवा. आपल्या इंजिनाची काळजी दुसऱ्या कुणाच्या जिवावर यायला नको.

बॉनेट हळूच खाली आणा, शेवटच्या वीतभर उंचीवरून सोडा, आणि ते नीट बसल्याची खात्री करा. आता आत येऊन बसा. दार लावा.

चावी एक घर फिरवा. इंजिन अजून बंद, फक्त सिस्टिमचा पडदा उजळला. या अवस्थेत सारी वीज बॅटरीतून जाते, म्हणून इथे फार वेळ गाणी लावून बसायचं नाही. आवाजाचं बटण शून्यावर आणा. आवडीचं काही लावा आणि मग ते बटण अगदी थोडं थोडं फिरवा. एका ठिकाणी शब्द न् शब्द कळू लागेल. तिथे थांबा. बहुतेकांना आश्चर्य वाटतं, रोजच्या आवाजापेक्षा ही जागा बरीच खाली असते.

हाच वेळ बाकीच्या मांडणीचा. बॅलन्स मध्यावर आणा. मागे मूल झोपणार असेल तर फेडर पुढे सरकवा, म्हणजे मागचे स्पीकर शांत होतील. बेस अगदी टोकाला असेल तर दोन पायऱ्या खाली घ्या. दाराचं पॅनेल थरथरायचं थांबेल आणि गाणाऱ्याचा आवाज मोकळा होईल. पुढच्या तीन तासांची गाणी आत्ताच रांगेला लावा. ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर खिळली, तर ३३ मीटर रस्ता कोणी पाहिलेलाच नसतो. निघण्याआधी दिलेली पाच मिनिटं हे सगळे मीटर वाचवतात.

आता सिस्टिम बंद करा आणि इंजिन सुरू करा. पहिली दोन मिनिटं फक्त ऐका.

सुरू होतानाच बेल्टची किंचाळी येते का? कित्येक गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंप फिरवतो. पट्टा घसरतोय, म्हणजे पंप मंदावतोय. पुढून घरघर येते का? पंपाचं बेअरिंग झिजलं असू शकतं. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो का? हीटरच्या नळ्यांत हवा शिरली आहे, म्हणजे कूलंट कमी आहे. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा पंखा हूं करून सुरू होतो आणि थोड्या वेळाने थांबतो. तो सूर ओळखून ठेवा, कारण उन्हात तो कधीच ऐकू आला नाही तर तीही खबर आहे. नाकही जागं ठेवा. एसीच्या झरोक्यातून गोडसर वास आला तर आत कुठेतरी कूलंट झिरपतंय.

इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कूलंटला स्वतःचा आवाज नाही. त्याच्या अडचणी पट्ट्यातून, पंख्यातून, खळखळीतून आपल्याला कळतात, आणि हे सगळे आवाज हलके असतात. त्यांच्यावर मात करायला फार मोठं संगीत लागत नाही.

शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटोरोला नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्या काळातल्या कारागिरांची मोठी अडचण उलटी होती. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत शिरायची आणि ती थांबवायला त्यांना बरीच खटपट करावी लागली. आज गाणं इंजिनापासून पूर्ण सुरक्षित आहे. इंजिनाचं म्हणणं मात्र गाण्याखाली दबू लागलं आहे, आणि ते वर आणण्याचं बटण आपल्या हाताशी आहे.

म्हणून एक माप ठरवू. इंडिकेटर लावा. त्याची टिकटिक चालू असताना संगीत हळूहळू वाढवा. जिथे टिकटिक बुडायला लागते, त्याच्या अलीकडे थांबा. प्रवासभराची कमाल मर्यादा ही. या आवाजात मागून येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा कळतो, शेजारच्याचं बोलणं कळतं, पट्टा किंचाळला तरी कळतो. कानांचंही भलं होतं. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कानांच्या सुरक्षिततेसाठी सहसा सुचवली जाणारी मर्यादा आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. बंद काचांच्या गाडीत हे आकडे गाठणं सोपं आहे.

आता मनाने घाटात चला.

खोपोली मागे पडली. पुढे लोणावळ्यापर्यंत बोर घाट, अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंची थोड्याशा अंतरात चढायची. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. मुंबईचं स्टेशन खरखरू लागतं, पुण्याचं अजून लागत नाही. बोगद्यात मोबाइलचं नेटवर्कही दगा देतं. हात आपोआप पडद्याकडे जातो.

नेमकं याच वेळी इंजिनावर सगळ्यात जास्त भार असतो. खालचा गिअर, जास्त फेरे, पुढे ट्रकांची रांग, वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला वारा कमी. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो. एसीने बाहेर टाकलेली उष्णता घेऊन तापलेली हवाच रेडिएटरपर्यंत पोचते. सुट्टीच्या दिवशी, उन्हाळ्यात, या चढणीवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

ही जागा मनात खूण करून ठेवा: स्टेशन खरखरलं की रेडिओ बंद. ती खरखर म्हणजे घाट सुरू झाल्याची सूचना समजा. चढणभर इंजिन ऐका. तापमानाचा काटा असेल तर अधूनमधून नजर टाका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो, थंड असताना निळा आणि अती तापल्यावर लाल एवढेच दिवे असतात. लाल दिवा लागतो तेव्हा सावध होण्याची वेळ उलटून गेलेली असते. आणि कूलंट पार निघून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो, मग काटा खरं तापमान दाखवीलच असं नाही. म्हणून कान हवेत.

तरीही काटा चढलाच तर काय करायचं, हे आत्ता, शांतपणे, एकदा मनात करून पाहा. एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. हीटर हा आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनाची काही उष्णता आपल्या अंगावर घेऊन बाहेर सोडतो. सुरक्षित जागा पाहून डावीकडे थांबा, हॅझार्ड दिवे लावा. वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा, आणि वाफ ओसरेपर्यंत बॉनेटला हात लावू नका. वाफ नसेल तर इंजिन काही वेळ जागच्या जागी चालू ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा आपलं काम करतील. काटा उतरला नाही तर बंद करा. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. झाकण उघडायचा मोह टाळा. पोचायला उशीर होईल, एवढंच होईल. रेटून गाडी चढवली तर हेड वाकतं, गॅस्केट उडतं, कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि इंजिन सीझ होतं.

डोळे उघडा. घरची मंडळी खाली येताहेत.

गाडी चालवणं म्हणजे माणसं आपल्या भरवशावर बसवून नेणं. हा भरवसा टाकीवरच्या दोन रेघांमध्ये आहे आणि आवाजाच्या बटणातही आहे. गाणी जरूर ऐका, गाण्यांनी प्रवास सुखाचा होतो. फक्त ती एवढीच मोठी असोत, की ज्यांच्या जिवावर प्रवास चालला आहे त्या यंत्राला मधे बोलता येईल.

आणि एक काम आजच करा. गाडीची सर्व्हिसची कागदपत्रं काढा आणि कूलंट शेवटचं कधी बदललं ते शोधा. साध्या कूलंटची मुदत साधारण २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर असते, दीर्घ मुदतीच्या कूलंटची ५ वर्षं किंवा त्याहून जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. मुदत उलटली असेल, किंवा तारीखच सापडत नसेल, तर घाट चढण्याआधी ते बदलून घ्या.